कड्याची ओढ, अ‍ॅड्रेनलिन आणि व्यसन: एका प्रबंधाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रबंध आहे, हाताशी सहा महिने आहेत आणि विषय आहे ‘अतिजोखमीचं गिर्यारोहण आणि अ‍ॅड्रेनलिनचं व्यसन यांतील संबंध’. साठ गिर्यारोहक आणि साठ न चढणारी माणसं घ्यायची, सगळ्यांकडून थरारप्रियतेची प्रश्नावली भरून घ्यायची, काहींची लाळ तपासून अ‍ॅड्रेनलिन मोजायचं आणि दोन गटांतला फरक दाखवायचा, असा तुमचा आराखडा. विचारलंय एवढंच की अ‍ॅड्रेनलिनचं व्यसन मोजणारी सर्वमान्य प्रश्नावली कोणती.

तशी सर्वमान्य प्रश्नावली नाही. पण ती असती तरी तुमची अडचण सुटली नसती, कारण तुमच्या शीर्षकात दोन दावे आधीच खरे धरले आहेत. पहिला, कडा चढणाऱ्याला जे हवं असतं ते अ‍ॅड्रेनलिन. दुसरा, त्याचं ते हवं असणं म्हणजे व्यसन. हे दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. साठ-साठ माणसांची एकदाच तुलना करून यातला एकही तपासला जात नाही; फार तर एवढं कळेल की चढणारी माणसं न चढणाऱ्यांपेक्षा वेगळी आहेत, आणि ते आपल्याला आधीपासून माहीत आहे.

मी वीसेक वर्षं समुपदेशन करते. त्यातलं बरंचसं काम दुखापत झालेल्या किंवा दोरावरचा सोबती गमावलेल्या आरोहकांबरोबरचं आहे. त्याआधी काही वर्षं मी स्वतः प्रस्तरारोहण करत होते. त्यामुळे मी सांगते ते या दोन बाजूंनी पाहिलेलं आहे, प्रयोगशाळेतून नव्हे. तुम्ही यातलं काय घ्याल ते बऱ्याच गोष्टींवर ठरेल. तुमचे मार्गदर्शक मुलाखतींवर आधारलेलं काम मान्य करतात का, तुम्हाला कोणत्या प्रकारचे आणि किती आरोहक भेटतील, तुम्ही स्वतः चढता का, हे मला माहीत नाही.

आधी अ‍ॅड्रेनलिन. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ते रक्तात सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृतातली साखर रक्तात उतरते. तुमच्या विषयासाठी त्याच्या दोन गोष्टी कळीच्या आहेत. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. आणि रक्तातून मेंदूत ते सहज शिरत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. मेंदूला त्याची खबर पोहोचते ती मुख्यतः मज्जातंतूंमार्फत, आडवाटेने. दारू, निकोटीन, अफू यांची गोष्ट वेगळी आहे. ती द्रव्यं स्वतः मेंदूत पोहोचतात आणि तिथल्या बक्षिसाच्या यंत्रणेला हात घालतात.

याचा पडताळा घ्यायला डोंगरावर जायचीही गरज नाही, रुग्णालयात तो कधीपासून मिळतो आहे. ग्रेगोरिओ मारान्योन या स्पॅनिश डॉक्टरांनी १९२४ साली २१० जणांना अ‍ॅड्रेनलिनची इंजेक्शनं दिली होती. बहुतेकांनी फक्त शारीरिक लक्षणं सांगितली, छातीत धडधड आणि थरथर. काहींनी सांगितलं की घाबरल्यासारखं वाटतंय, पण घाबरलेलो नाही. फिओक्रोमोसायटोमा नावाच्या गाठीमुळे ज्यांच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन अवेळी उसळतं त्यांना डोकेदुखी होते, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, अनेकांना आता काहीतरी भयंकर घडणार असं वाटत राहतं. या झटक्यांची कुणी वाट बघत नाही. तीव्र अ‍ॅलर्जीत प्राण वाचवायला अ‍ॅड्रेनलिन टोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागत नाही. नुसतं अ‍ॅड्रेनलिन सुखाचं असतं, तर ही माणसं आपल्याला वेगळं काही सांगत असती.

म्हणजे आरोहक ‘अ‍ॅड्रेनलिन’ म्हणतात तेव्हा खोटं बोलतात का? अजिबात नाही. ते एका अख्ख्या क्रमाला एकच नाव देतात. आदल्या रात्रीची धाकधूक, पहिल्या हालचालीपूर्वी कोरडं पडलेलं तोंड, अवघड जागी सगळं जग दोन बोटांच्या पकडीएवढं लहान होणं, आणि वर पोहोचल्यावर किंवा खाली उतरल्यावर भीती ओसरून येणारी मोकळी, हलकी झिंग. बहुतेकांना परत हवी असते ती ही शेवटची झिंग किंवा मधली एकाग्रता. मधल्या एकाग्रतेवर मिहाय चिकसेंटमिहाय यांनी काम केलं. त्यांच्या ‘फ्लो’च्या, म्हणजे कामात पूर्ण बुडून जाण्याच्या, १९७५ सालच्या मांडणीत प्रस्तरारोहकांच्या मुलाखती होत्या. शेवटच्या झिंगेसाठी रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांचा १९७४ सालचा विरोधी प्रक्रियेचा सिद्धांत वाचा. त्यांचं म्हणणं असं की तीव्र भीतीनंतर शरीर-मन स्वतःला सावरताना उलट बाजूला झुकतं, आणि तोच अनुभव पुन्हा पुन्हा आला की भीती बोथट होत जाते, उलटी बाजू मात्र बळकट होते. व्यसनाशी नातं जोडायचंच असेल तर ते इथे जोडता येईल. पण मग तुमचा विषय अ‍ॅड्रेनलिन राहत नाही, भीतीनंतरची सुटका हा होतो. शीर्षकातला एक शब्द बदलला की मोजायची गोष्ट बदलते, म्हणून मी यावर एवढी अडून बसले आहे.

आता ज्यांच्याकडे बोट दाखवून सगळे ‘अ‍ॅड्रेनलिनचे व्यसनी’ म्हणतात, त्या टोकाच्या आरोहकांकडे पाहा. ॲलेक्स होनॉल्डने ३ जून २०१७ रोजी योसेमिटीतला एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय, एकट्याने, ३ तास ५६ मिनिटांत चढला. त्याआधी त्याने तीच वाट दोर लावून वर्षाहून अधिक काळ घोटली होती. २०१६ मध्ये तो दोराशिवाय चढायला लागलाही होता, पण काही अंतरावरून परत फिरला. त्याच्या मेंदूचं एफएमआरआय चित्रण (मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं) जेन जोसेफ या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी केलं. सामान्य माणसाला दचकवणारी छायाचित्रं दाखवल्यावरही त्याच्या अमिग्डालामध्ये, म्हणजे भीतीशी जोडलेल्या केंद्रात, फारशी हालचाल दिसली नाही. प्रश्नावलीत मात्र तो थरारप्रियतेत बराच वर आला आणि आवेगाने वागण्यात खूप खाली. ही जोडी नीट लक्षात घ्या. ओढ मोठी आहे, पण तिच्यामागे फरफटत जाणं नाही. तो एकच मेंदू आहे, त्यावरून नियम काढता येणार नाही. तरी मी ज्या मुरलेल्या आरोहकांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांचं सांगणं याच्याशी जुळतं: काळजात धस्स झालं तर समजायचं, काहीतरी चुकलंय. एका आरोहकाने सांगितलं होतं की अवघड जागेवर त्याला काहीच वाटलं नाही, हात कापले ते संध्याकाळी तंबूत स्टोव्ह पेटवताना.

इथे एक जागा अशी आहे जिथे तुमचा परीक्षक तुम्हाला अडवेल, आणि अडवायलाच हवं. अनुभवी माणसाची भीती कमी होते याचे दोन अर्थ निघतात. एक, तो निष्णात झाला. दोन, त्याची सहनशक्ती वाढली, दारुड्याला जसा पहिल्या पेल्याने काहीच होत नाही तसं. वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन यांनी १९६७ साली छत्रीधारी उडी मारणाऱ्यांवर केलेला अभ्यास याबाबत फार उपयोगाचा आहे. नवख्यांच्या हृदयाचे ठोके उडीच्या क्षणापर्यंत चढतच जात. मुरलेल्यांचे ठोके आधी चढत आणि प्रत्यक्ष उडी जवळ येईपर्यंत खाली येत. म्हणजे मुरलेल्यांची भीती गेली नव्हती, ती आधीच्या वेळेकडे सरकली होती आणि ऐन क्षणी आवरलेली होती. हे मला कौशल्याच्या बाजूचं वाटतं. पण तुमच्या आरोहकांबाबत ते तसंच आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल.

कसं दाखवाल? सहनशक्ती वाढली असेल तर मात्रा वाढत जायला हवी. मग आरोहकाची मात्रा कशाने मोजायची? इथे नवखे अभ्यासक हमखास चुकतात. ते चढाईची श्रेणी, म्हणजे वाटेचा अवघडपणा, वाढली की जोखीम वाढली असं धरतात. कड्यात पक्क्या बसवलेल्या चांगल्या बोल्टांवर, नीट बिले देणाऱ्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्या, सोबत्याच्या भरवशावर चढलेली अतिशय अवघड वाट ही सुटे दगड असलेल्या सोप्या धारेपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. माणूस दरवर्षी अधिक अवघड चढत असेल तर तो खेळाडू आहे. अवघडपणा तोच ठेवून दरवर्षी सुरक्षा कमी करत असेल, हवामान बिघडलेलं दिसत असूनही निघत असेल, तर मात्र मी कान टवकारते. बरेच आरोहक चढाईच्या नोंदवह्या ठेवतात. त्या मिळाल्या तर त्यांतून श्रेणी आणि सुरक्षा यांचे दोन वेगळे आलेख काढा. प्रश्नावलीच्या चाळीस उत्तरांपेक्षा ते जास्त बोलके होतील.

प्रश्नावलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. मार्व्हिन झुकरमन यांची थरारप्रियता मापनी १९६४ पासून वापरात आहे, आणि तुम्ही म्हणता ती पाचवी आवृत्ती १९७८ ची, चाळीस विधानांची. तिचे चार भाग आहेत: थरार आणि साहसाची ओढ, नव्या अनुभवांची ओढ, बंधनं झुगारणं आणि कंटाळा सहन न होणं. पहिल्या भागात खुद्द गिर्यारोहक व्हावंसं वाटण्याबद्दलचं विधान आहे. गिर्यारोहकाला विचारायचं की तुला गिर्यारोहण आवडतं का, आणि तो हो म्हणाला की जाहीर करायचं, गिर्यारोहक थरारप्रिय असतात! शिकत असताना मी हीच चूक केली. माझ्या पहिल्या छोट्या अभ्यासात दोन गटांत छान ठळक फरक आला आणि मी खूश झाले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने साहसी खेळांची विधानं खोडून गुण पुन्हा काढायला लावले. फरक बराच ओसरला. तुम्ही ही मापनी वापरणारच असाल तर चारही भागांचे गुण वेगळे मांडा, आणि पहिल्या भागातून साहसी खेळांची थेट विधानं वगळून गणित पुन्हा करा. दोन्ही आकडे प्रबंधात द्या. दुसरं म्हणजे वय आणि लिंग यांची जुळणी नीट करा, कारण थरारप्रियता तरुणपणी जास्त असते, वयाबरोबर उतरते आणि पुरुषांत सरासरीने अधिक आढळते.

‘गिर्यारोहक’ हा एकच गट धरणंही अवघड आहे. चार मीटरच्या दगडावर खाली गादी टाकून बोल्डरिंग करणारी मुलगी, बोल्ट लावलेल्या वाटेवर लीड करणारा, म्हणजे दोर स्वतःबरोबर वर नेत पुढे चढणारा, दोराशिवाय चढणारा आणि आठ हजार मीटरच्या शिखरावर जाणारा यांच्या दिवसात काही साम्य नाही. उंच शिखरांची मोहीम म्हणजे आठवडेच्या आठवडे तंबूत बसणं, बर्फ वितळवणं, थंडी, खोकला, भूक मेलेली, आणि वाट पाहणं. क्षणिक थरार हवा असलेला माणूस हे कशाला सोसेल? याच प्रश्नातून बँगर विद्यापीठातल्या मॅथ्यू बार्लो, टिम वुडमन आणि ल्यू हार्डी यांचं २०१३ सालचं काम उभं राहिलं. त्यांनी स्कायडायव्हर, म्हणजे विमानातून छत्री घेऊन उडी मारणारे, आणि पर्वतारोहक यांची तुलना केली. स्कायडायव्हरांना थरारप्रियता बऱ्यापैकी लागू पडते. पर्वतारोहकांच्या बाबतीत पुढे आलं ते वेगळंच: रोजच्या आयुष्यात, विशेषतः जवळच्या नात्यांत, आपल्या भावनांवर आणि आयुष्यावर आपली पकड नाही असं वाटणं, आणि पर्वतावर ती पकड सापडणं. माझ्या खोलीत येऊन बसलेल्या माणसांत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की तो निबंध वाचताना मला ओळखीचे चेहरे दिसत होते. घरात एक वाक्य धड न बोलणारा माणूस कड्यावर सोबत्याला अतिशय नेमक्या, शांत शब्दांत सूचना देतो. तिथली भीती त्याला कळते, कारण तिचं कारण समोर दिसतं. घरातल्या भीतीला त्याच्याकडे नावच नसतं.

आता दुसरा दावा, व्यसनाचा. मराठीत आपल्याकडे यासाठी किती शब्द आहेत पाहा: ओढ, छंद, नाद, वेड, चटक, तलफ, व्यसन. ‘तिला डोंगराचं वेड आहे’ हे आपण कौतुकाने म्हणतो. ‘नाद लागलाय’ म्हणताना सुरात थोडी काळजी येते. ‘तलफ’ शरीराची असते, ती वेळ झाली की येते. माझ्यासमोर बसलेली माणसं यातला कोणता शब्द कधी वापरतात ते मी लिहून ठेवते, कारण ते सहसा चुकत नाहीत. तुमच्या मुलाखतींतही हे शब्द जसेच्या तसे टिपा, त्यांचं ‘व्यसन’ असं एकच भाषांतर करून टाकू नका.

निदानाच्या पुस्तकांत याला जागा नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ मध्ये वर्तनाच्या व्यसनांपैकी फक्त जुगाराला पूर्ण मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये जुगाराबरोबर व्हिडिओ गेम आले. आरोहण कुठेच नाही. पण निदान नाही म्हणून प्रश्नच नाही असं होत नाही. मार्क ग्रिफिथ्स यांनी वर्तनाच्या व्यसनासाठी सहा घटक सांगितले आहेत: ती गोष्ट आयुष्याच्या केंद्रस्थानी येणं, तिने मनःस्थिती बदलणं, सहनशक्ती वाढणं, सुटल्यावर त्रास होणं, त्यावरून संघर्ष होणं आणि थांबवूनही पुन्हा तिकडे वळणं. मी यांतल्या पहिल्या दोघांना फारसं महत्त्व देत नाही. संगीत शिकणाऱ्या कुणाच्याही आयुष्यात संगीत केंद्रस्थानी असतं आणि ते मनःस्थिती बदलतंच. संघर्ष आणि पुन्हा वळणं या दोघांवर मी रेंगाळते: नको म्हणत असतानाही माणूस जातो का, आणि गेल्यावर त्याला पूर्वीइतकं बरं वाटतं का. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ पासून ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं मांडलं आहे. व्यसनात हवं असणं वाढत जातं आणि आवडणं मागे पडतं. आरोहकाला हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारता येतात, आणि त्यांच्या उत्तरांतली दरी महिन्यामहिन्याने मोजता येते. रॉबर्ट व्हॅलरँड यांची २००३ सालची सुसंवादी (बाकीच्या आयुष्याशी जुळणारी) आणि झपाटलेली (माणसाला ताब्यात घेणारी) आवड यांतली विभागणीही इथे कामाला येईल, आणि तिच्यासाठी तयार मापनी आहे.

सुटल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल तुमच्या विषयावर थेट काम झालंय, ते आधी वाचा. रॉबर्ट हेरीन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली आठ प्रस्तरारोहकांच्या मुलाखती घेतल्या, चार उच्च क्षमतेचे आणि चार मध्यम. चढायला न मिळालेल्या काळात कशातच रस न वाटणं, तलफ, चिडचिड अशी वर्णनं मिळाली, आणि उच्च क्षमतेच्या गटात ती तीव्र होती. आठच माणसं, सगळे पुरुष, आणि आठवून सांगितलेलं, एवढ्या मर्यादा लक्षात ठेवा. इंगमार फ्रांकेन यांच्या गटाने २००६ साली स्कायडायव्हर आणि वल्हवणारे खेळाडू यांची तुलना केली. स्कायडायव्हरांना रोजच्या साध्या सुखांत कमी आनंद वाटत होता. यात तुलनेचा गटही व्यायाम करणाराच होता, हे मला फार आवडलं. पण एक प्रश्न उरतोच. रोजचं आयुष्य आधीपासून फिकं वाटत होतं म्हणून ते उडी मारायला गेले, की उड्या मारून आयुष्य फिकं झालं? एकदाच मोजून हे कळत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: अ‍ॅड्रेनलिन हा शब्द तुमच्या गृहीतकातून काढा, गिर्यारोहकांचा एक गट करू नका, आणि ‘ते वेगळे आहेत का’ऐवजी ‘थांबल्यावर त्यांचं काय होतं’ हे विचारा.

थांबवायचं कसं, हा मात्र जुना पेच आहे. फ्रेडरिक बेकलंड यांनी १९७० साली व्यायाम थांबवल्यावर झोपेवर काय परिणाम होतो हे पाहायचं ठरवलं. आठवड्यात पाच-सहा दिवस व्यायाम करणारे लोक जास्त पैसे देऊनही थांबायला तयार झाले नाहीत, आणि त्यांना तीन-चार दिवस करणाऱ्यांवर काम भागवावं लागलं. म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला असता तेच अभ्यासाबाहेर राहिले. आरोहकांचंही हेच होणार. म्हणून जे आपोआप थांबले आहेत त्यांच्याकडे जा, म्हणजे दुखापत झालेल्यांकडे. बोटांतल्या कंडरांना धरून ठेवणारी पुली फाटणं ही प्रस्तरारोहकांची नेहमीची दुखापत आहे, आणि तिच्यात आठवडे, कधी महिने थांबावं लागतं.

पण दुखापतग्रस्त माणसाची बेचैनी म्हणजे लगेच व्यसनाचा पुरावा होत नाही. त्याचा व्यायाम गेलेला असतो, मित्र गेलेले असतात कारण मित्र कड्यावरच भेटत, ‘मी कोण’ याचं उत्तर गेलेलं असतं, शिवाय वेदना असतेच. माझ्याकडे आलेली एक आरोहक सहा आठवडे रोज रडत होती. पहिल्या भेटीत मलाही वाटलं, ही तलफ आहे. तिसऱ्या भेटीत कळलं की तिच्या चमूने तिला बैठकांना बोलावणंच बंद केलं होतं. ती बोट बांधलेल्या हाताने नुसती बिले द्यायला, सामान लावायला जाऊ लागली आणि रडणं थांबलं. तिला कडा नको होता असं नाही, पण त्या सहा आठवड्यांत तुटलं होतं ते दुसरंच काही.

मी तुमच्या जागी असते तर या गुंत्याचाच अभ्यास केला असता. दुखापतीतून बरं होताना एक टप्पा असा येतो की माणसाला बंदिस्त जागेतल्या कृत्रिम भिंतीवर, वरून दोर असताना, चढायची परवानगी असते, पण बाहेर कड्यावर लीड करायची नसते. त्या टप्प्यात व्यायाम परत आलेला असतो, मित्र परत आलेले असतात, हालचालीचा आनंदही असतो. राहिलेली असते ती मुख्यतः जोखीम. तेव्हाही तलफ तशीच राहिली तर तुमच्या गृहीतकाला पहिला खरा आधार मिळाला. ओसरली तर ओढ कुठे होती तेही कळलं. दहा-बारा आरोहक, आणि तुलनेला दुखापत झालेले तितकेच लांब पल्ल्याचे धावपटू. आठवड्यातून दोनदा फोनवर चार-पाच प्रश्न आणि सुरुवातीला व शेवटी एक दीर्घ मुलाखत. सहा महिन्यांत हे होण्यासारखं आहे. आकडे लहान असतील, म्हणून सरासरीच्या तुलनेपेक्षा प्रत्येक माणसाचा स्वतःचा आलेख मांडा. दहा जणही वेळेत मिळाले नाहीत तर पाच घ्या, पण टप्पा तोच पकडा.

लाळेची तपासणी सोडून द्या. लाळेतून अ‍ॅड्रेनलिन भरवशाने मोजता येत नाही. रक्तातलं मोजायचं तर ते दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे सुई घेऊन कड्यावर माणसाशेजारी उभं राहावं लागेल. लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजता येतं, पण ते ताणानंतर वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोहोचतं आणि सकाळ-संध्याकाळ आपोआप बदलतं. छातीवरच्या पट्ट्याने हृदयाचे ठोके घेणं सोपं वाटतं, पण प्रस्तरारोहणात ठोके शरीराच्या प्राणवायूच्या वापराच्या मानाने जास्तच चढतात. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू घट्ट आवळून धरलेले असणं हे त्याचं एक मोठं कारण आहे, म्हणजे निव्वळ पकड धरूनही ठोके वाढतात. उंचीवर तर विरळ हवेनेच अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, चेतवलेली असते. तिथे नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढलेलं दिसलं तर ते भीतीचं की कमी प्राणवायूचं हे वेगळं काढणं फार कठीण. मार्गदर्शकांनी शरीराचं एखादं मोजमाप हवंच म्हटलं, तर एकाच माणसाने एकच वाट एकदा लीड करत आणि एकदा वरून दोर असताना चढताना ठोके घ्या आणि फरक पाहा. तेही जे स्वतःहून चढणारच आहेत त्यांचे, त्यांच्या नेहमीच्या वाटेवर.

कारण तुमच्या अभ्यासासाठी कुणी एक हालचालही जास्त जोखमीची करता कामा नये. नीतिसमितीने विचारण्याआधी हे स्वतःशी ठरवून घ्या. लोकांना वाटेची नावं प्रबंधात नको असतात हेही लक्षात ठेवा. आरोहकांचं जग लहान आहे. ‘अमुक कड्यावर तमुक महिन्यात पडलेली व्यक्ती’ एवढं लिहिलं की नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. आणि मुलाखतीत कुणी जगण्यात अर्थ वाटत नाही असं काही बोललं, तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा हे पहिल्या मुलाखतीच्या आधी लेखी ठरलेलं असू द्या. दुखापतीच्या काळात असं बोलणारी माणसं मला भेटली आहेत.

तुमच्या नमुन्यात कोण नसेल याचाही विचार करा. ज्यांनी जोखीम खरोखरच वाढवत नेली त्यांतले काही आज उत्तरं द्यायला नाहीत. येर्झी कुकुच्का हा पोलिश आरोहक आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं पूर्ण करणारा, राइनहोल्ड मेस्नरनंतरचा दुसरा माणूस, १९८७ साली. १९८९ मध्ये हिमालयातल्या ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर तो पडून मरण पावला. तिथे त्याला काय ओढून घेऊन गेलं हे कुणी प्रश्नावलीतून विचारू शकत नाही. दुसऱ्या टोकाला, ज्यांनी शांतपणे थांबवलं तेही तुम्हाला क्लबांत आणि भिंतीवर सापडणार नाहीत. निदान दोन-तीन थांबलेली माणसं शोधा. ती कशी थांबली हे ऐकल्याशिवाय थांबता न येणं म्हणजे काय हे तुम्हाला लिहिता येणार नाही. शक्य असेल आणि आरोहकाची परवानगी असेल तर घरातल्या एका माणसाशीही बोला. संघर्ष या घटकाबद्दल आरोहक आणि त्याची बायको किंवा आई यांची उत्तरं क्वचितच सारखी येतात.

मुलाखतीत ‘अ‍ॅड्रेनलिन’ आणि ‘व्यसन’ हे शब्द तुम्ही स्वतः उच्चारू नका. तुम्ही म्हणालात की समोरचा हसून ‘हो, व्यसनच’ म्हणतो, आणि ते वाक्य तुमच्या प्रबंधात निष्कर्ष होऊन बसतं. मी एवढंच विचारते: जायचं ठरलं होतं आणि जाता आलं नाही, असा अलीकडचा एक दिवस सकाळपासून सांगा. बहुतेक जण आधी हवामान, दोर, कुणाची रजा रद्द झाली हे सांगतात. ते सांगू द्या, मध्ये पडू नका. मग दुपार येते, आणि दुपारी त्यांनी काय केलं हे सांगताना आवाज बदलतो. पहिली मुलाखत झाली की ती ऐकून तुम्ही स्वतः किती वेळ बोललात ते घड्याळ लावून मोजा. पाचातल्या एका भागाहून जास्त भरला, तर प्रश्न कमी करा आणि मगच दुसऱ्या माणसाची वेळ घ्या.